पाठीवरचं बोट

मी म्हाताऱ्या माणसांना उठायला शिकवतो. पलंगावरून, खुर्चीवरून, कमोडवरून आणि सगळ्यात शेवटी जमिनीवरून. अकोल्याच्या एका शाळेत तीस वर्षं पीटीचा मास्तर होतो. पोरांना मैदानाला चकरा मारायला लावल्या, कबड्डी खेळवली, शिट्टी फुंकून फुंकून गालाचे स्नायू कमावले. निवृत्त झालो, अमरावतीला घर केलं आणि हा उद्योग सुरू केला. मुलाने हौसेने कार्ड छापून आणलं, त्यावर माझ्या नावाखाली ‘पर्सनल ट्रेनर’. ते कार्ड अंजनगाव सुर्जीच्या माझ्या चुलत भावाने दोन वेळा उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, “म्हंजे तू आता सिनेमातल्या हिरोले बॉडी बनवून देऊन राहिला का बे?”

हिरो माझ्याकडे एकही आला नाही. मोडलेलं हाड जुळलं, टाके निघाले, फिजिओथेरपीवाला आपलं काम संपवून गेला, की माझं काम सुरू होतं. तोवर घरातल्या सगळ्यांनी मिळून त्या माणसाला पलंगावर नीट बसवलेलं असतं. पाणी हातात, जेवण हातात, चप्पल पायात. प्रेमाने केलेलं असतं हो, पण मांडीतली उरलीसुरली ताकद त्या प्रेमाने जाते. गेलेली ताकद सत्तरीतही परत येते, हे मी घसा कोरडा करून सांगतो. कोणाला खरं वाटत नाही. ज्याला वाटतं, तो सकाळी सातला दार उघडून बसलेला असतो.

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. एक वकीलसाहेब होते. मी जायचो, ते आरामखुर्चीत बसून म्हणायचे, “आधी तुम्ही करून दाखवा.” मी दहा बैठका काढायचो. “वा! डावा गुडघा परत एकदा दाखवा.” मी परत दाखवायचो. त्यांचा चहा संपेपर्यंत माझा व्यायाम संपायचा. दोन महिन्यांत माझं वजन उतरलं आणि वकीलसाहेब सगळ्यांना सांगत सुटले की मास्तर फार मेहनती आहे. शेवटी मीच हात जोडले.

आता मालतीबाईंबद्दल लिहायला हवं. ते टाळून पुढचं सांगता येणार नाही.

मालतीबाई अकोल्याच्या माझ्याच शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. अमरावतीहून आठवड्यातून तीनदा बसने जायचो. बाई जिद्दीच्या. प्रत्येक व्यायाम मोजून करायच्या आणि माझी मोजणी चुकली की वर्गातल्यासारखं बघायच्या. एका सकाळी त्या स्टुलावरून हात सोडून उठत होत्या आणि माझा मोबाईल वाजला. मी खिशातून काढून नाव पाहिलं. एवढंच केलं. कोण होतं ते आता आठवतसुद्धा नाही. धप्प आवाज झाला तेव्हा वर पाहिलं. मनगट मोडलं होतं. मनगट जुळलं, पण बाई परत उभ्या राहायला तयार झाल्या नाहीत. त्यांच्या सुनेने फोनवर अगदी शांतपणे सांगितलं, “सर, आता येऊ नका.”

त्या दिवसापासून मला एक सवय लागली. माणूस उठायला लागला की त्याच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, माझ्या उजव्या हाताचं एक बोट टेकलेलं असायचं. जोर द्यायचा नाही, ढकलायचं नाही, नुसतं लावून ठेवायचं. गिऱ्हाइकांना ते आवडायचं. बोट असलं की बरं वाटतं म्हणायचे. मलाही बरं वाटायचं.

वामन महाराजांकडे मी गेलो तो चैत्र होता. आमच्याकडे पुजाऱ्याला महाराजच म्हणतात. जुन्या अमरावतीत एक लहानसं महादेवाचं देऊळ आहे, तिथे चार पिढ्यांपासून त्यांच्या घरची पूजा. वय चौऱ्याहत्तर, बायको गेलेली, देवळाला लागून दोन खोल्या. पौषात ते गाभाऱ्यात ओल्या फरशीवर घसरले आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. देवळाच्या दारात फुलं विकणाऱ्या कौसाबाईंच्या लक्षात आलं की घंटा वाजली नाही. त्या आत धावल्या आणि दोन्ही काखांत हात घालून महाराजांना पायऱ्यांवरून वर ओढून आणलं. नंतर बिचाऱ्या घाबरल्या की आपण सोवळ्यातल्या माणसाला शिवलो. महाराज त्यांना म्हणाले, “कौसा, जीव जात असताना सोवळं बघायचं नसतं.” हे मला कौसाबाईंनीच सांगितलं, प्रत्येक भेटीत एकदा.

हाडात सळई टाकली होती, सांधा बदललेला नव्हता. त्यामुळे डॉक्टरांनी जमिनीवर बसायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मी ते लिहून घेतलं. मास्तरकीची सवय.

खरी अडचण हाडाची नव्हतीच. पुण्याहून महाराजांचा मुलगा अनिरुद्ध आला होता. चांगला मुलगा, बापासाठी जीव टाकणारा. मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, स्पष्ट बोलतो. बाबांना आशेला लावू नका. माझ्याकडे त्यांची खोली तयार आहे. लिफ्ट आहे, पलंग आहे, बघायला बाई आहे.”

“आणि महादेव?” मी विचारलं.

“फोटो लावू की,” तो म्हणाला. थट्टा नव्हती, खरंच तसं वाटत होतं त्याला.

देवळाच्या समितीचे अध्यक्षही काळजीत होते. पुन्हा माणूस आत पडला तर जबाबदारी कोणाची? बोलून बोलून शेवटी ठरलं असं की श्रावणातल्या पहिल्या सोमवारी महाराजांनी एकट्याने गाभाऱ्यात उतरायचं, खाली बसून अभिषेक करायचा, उठून आरती करायची आणि चालत बाहेर यायचं. जमलं तर पूजा त्यांची. नाही जमलं तर दुसरा पुजारी, आणि महाराजांनी त्याच आठवड्यात पुण्याला जायचं. महाराजांनी मान डोलावली. सगळे गेल्यावर मला म्हणाले, “सर, मला आयुष्यात एकच काम येतं. ते गेलं तर मी त्या खोलीत बसून काय करू? भिंतीकडे पाहू?”

पहिल्या दिवशी त्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठता आलं नाही. पाच वेळा प्रयत्न केला, पाच वेळा बसले. मी म्हटलं, “उद्या.” दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली, तेव्हा उठले. आठवड्याने एक उशी काढली, पुढे दुसरी. खिडकीचे गज धरून टाचा उचलायच्या, फरशीच्या रेघेवरून चालायचं, बसल्या बसल्या पाय सरळ करायचा. घोट्याला वजन म्हणून मी तुरीच्या डाळीची पिशवी बांधली तर म्हणाले, “आणि संध्याकाळी हीच शिजवायची का?” ज्येष्ठाचा उन्हाळा, कूलर नुसता गरम वारा फेकत होता, पण या माणसाने एक दिवस खाडा केला नाही.

आषाढात आम्ही जमिनीवर आलो. जमिनीवरून उठणं ही एक उडी नसते, ते तुकडे करून शिकवावं लागतं. मांडी सोडायची, कुशीवर वळायचं, लहान बाळासारखं रांगतं व्हायचं. मग चांगला पाय पुढे टाकायचा, पाऊल पूर्ण टेकवून. दुसरा गुडघा खालीच. आणि शेवटी पुढच्या गुडघ्यावर हात दाबून वर यायचं. हा शेवटचा तुकडा सगळ्यात अवघड. माणूस तिथे अधांतरी असतो. मी आणखी एक गोष्ट रोज घोकून घ्यायचो, की मध्ये अडकलात तर ओढाताण करायची नाही, आल्या वाटेने परत खाली बसायचं. पडण्यापेक्षा बसणं बरं. महाराजांना ते मुळीच पटत नसे. “म्हणजे हरायचा पण सराव करायचा?” असं कुरकुरायचे, पण करायचे.

श्रावण चार दिवसांवर आला तेव्हा महाराज दोन तास मांडी घालून बसत होते आणि त्यानंतर उठत होते. माझी छाती फुगली होती. अनिरुद्धला फोन करून म्हटलं, “पुण्याची खोली भाड्याने देऊन टाका.” माझ्यातला हा टगेपणा अजून गेलेला नाही.

सोमवारी पहाटे पाऊस पडून गेला होता. देवळात पोचलो तेव्हा सभामंडपात वीसेक माणसं होती. अध्यक्ष खांबाला टेकून उभे होते. अनिरुद्ध रात्रभर प्रवास करून आलेला, डोळे लाल. कौसाबाईंनी टोपली सोडून पुढची जागा धरली होती. महाराज आंघोळ करून, रेशमी सोवळं नेसून, हातात अभिषेकाचा तांब्या घेऊन आले. ट्रॅकपँटमधल्या माझ्या गिऱ्हाइकाला मी क्षणभर ओळखलंच नाही.

ते गाभाऱ्याकडे वळले तसा मी पाय पुसून त्यांच्या मागे निघालो.

“तुम्ही कुठे?” महाराज थांबून म्हणाले.

“तुमच्या मागे. उठताना नको का?”

“सर, सोवळ्यात आहे मी. पूजा होईपर्यंत शिवता येत नाही कोणाला. तुम्ही उंबरठ्याच्या बाहेर.”

 चार महिने. चार महिने मी त्या माणसाचा गुडघा, घोटा, श्वास, झोप, सगळं विचारलं. पण पूजेच्या वेळी माझा हात त्यांच्या पाठीला लागू शकणार नाही, हे कौसाबाईंची सोवळ्याची गोष्ट दर भेटीत ऐकूनही एकदाही डोक्यात आलं नाही. आम्ही अंजनगावचे पानमळेवाले माळी. बाबा गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जायचे, तिथल्या प्रार्थनेला सगळे एका सतरंजीवर बसत. सोवळं हा शब्द आमच्या घरी फक्त थट्टेत यायचा. आणि महाराजांना ते इतकं अंगवळणी पडलेलं की सांगायचं असतं हेच त्यांच्या मनात आलं नव्हतं. मी घाईने म्हटलं, “मीही आंघोळ करून येतो, मला एक धोतर द्या.” महाराज हसले. “ठरलंय ना एकट्याने म्हणून?” आणि भिंतीला हात लावत तीन पायऱ्या उतरले.

पुढचा तास मी उंबरठ्याबाहेर उकिडवा बसून काढला. समईचा उजेड, पिंडीवर टांगलेल्या पात्राची धार, खाली काळी ओली फरशी. ते खाली बसले ते छान बसले, मी शिकवल्याबरहुकूम. मंत्र सुरू झाले. मला एकही कळत नव्हता. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. कमरेच्या जरा वरची ती जागा मला पाठ होती. माझं बोट वळवळत होतं, मी ते दुसऱ्या मुठीत धरून ठेवलं. मालतीबाईंच्या घरचा तो धप्प आवाज परत परत कानात येत होता. मनात हिशोब चालला होता की ते कुठल्या बाजूला पडतील, डोकं शाळुंकेवर आपटेल की पायरीवर, आणि मी दोन ढांगांत पोचेन की नाही.

मंत्र संपले. सभामंडपात बोलणं थांबलं.

महाराजांनी मांडी सोडली. कुशीवर वळले. रांगते झाले. डावा पाय पुढे आला, पाऊल पूर्ण टेकलं. माझ्या ओठांत आकडे चालले होते. आता शेवटचा तुकडा. त्यांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला, बूड उचललं आणि तिथेच अडकले. सोवळ्याचा काठ उजव्या गुडघ्याखाली दबला होता. अंग थरथरायला लागलं. धरायला काही नाही. समोर पिंड, तिच्यावर भार टाकणार नाहीत. वर टांगलेलं पात्र, ते तर भरलेलं.

आणि मग मी ते पाहिलं. महाराजांचा डावा हात मागे आला. पाठीशी, कमरेच्या जरा वर, हवेत काहीतरी चाचपू लागला. तो हात माझं बोट शोधत होता.

 या माणसाला मी उठायला शिकवलंच नव्हतं. माझ्या बोटावर विसंबायला शिकवलं होतं. जोर देत नाही, नुसतं लावून ठेवतो, असं मी सगळ्यांना सांगत होतो. बोटावर ते भार टाकत नव्हते हे खरं. धीर मात्र सगळा तिथूनच घेत होते.

“अवमाय!” कौसाबाई ओरडल्या. “सर, पाहून काय राहिले? धरा त्याह्यले! नाहीतर मी जातो!” त्यांनी पदर खोचलासुद्धा.

अनिरुद्ध पुढे आला. माझा एक पाय उंबरठ्याच्या आत पडला होता. शिवलं तर परीक्षा संपली, पुण्याची गाडी. नाही शिवलं आणि पडले तर त्याच खुब्यावर. या वयात तो खुबा परत मोडला तर माणूस पलंग सोडत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही मीच सांगितलं होतं.

“थांबा,” आतून आवाज आला. श्वास लागलेला, पण खणखणीत. “कोणी शिवू नका. जीव नाही जाऊन राहिला माझा.”

आणि ते परत खाली बसायला लागले.

मागे सुस्कारे सुटले. कोणीतरी म्हणालं, “गेलं.” अध्यक्षांनी अनिरुद्धच्या खांद्यावर हात ठेवला. महाराज खाली आले, हळूहळू, आल्या वाटेने. आधी गुडघा, मग दोन्ही हात फरशीवर, मग कूस, मग बैठक. धपकन नाही. अगदी रोजच्यासारखं. त्या सगळ्या गर्दीत मला एकट्यालाच कळत होतं की हा माणूस हरलेला नाही, सराव केलेली गोष्ट करतो आहे. माझ्या तोंडून निघालं, “बरोब्बर!” लोकांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं.

त्यांनी सोवळ्याचा काठ मोकळा केला, नीट खोचला. पंच्याने समोरची फरशी पुसली. डोळे मिटून दहा-बारा श्वास घेतले. मी माझे दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले आणि पाय उंबरठ्याबाहेर काढला. एवढं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

कूस. रांगतं. डावा पाय पुढे. उजवा हात गुडघ्यावर. डावा हात परत मागे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. महाराजांनी तो पुढे आणला आणि उजव्या हातावर ठेवला. दोन्ही हात आपल्याच गुडघ्यावर. मग दाबलं. पोटरी थरथरली, मान थरथरली, आणि तो माणूस इंच इंच करत वर आला. सरळ उभा राहिला.

त्यांनी घंटा वाजवली आणि आरती सुरू केली. 

“उठले वं माय, महाराज उठले!” कौसाबाई रडत रडत सगळ्यांना सांगत होत्या, जसं काही कोणी पाहिलंच नव्हतं.  महाराज आरतीचं ताट घेऊन तीन पायऱ्या चढून बाहेर आले, तेव्हा अनिरुद्धने आरतीवर हात फिरवून डोळ्यांना लावला आणि तिथेच हुंदका दिला. अध्यक्ष म्हणाले, “महाराज, उद्याचीही पूजा तुमचीच.” त्यानंतर पेढे वगैरे झाले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी नेहमीप्रमाणे गेलो. महाराज ट्रॅकपँट घालून मॅटवर बसले होते आणि मॅटभोवती रांगोळीची रेघ काढलेली होती, चारही बाजूंनी.

“हे काय?”

“सोवळं,” महाराज म्हणाले. “रेघेच्या आत यायचं नाही. तिथून सांगायचं. शिवायचं नाही.”

“ट्रॅकपँटमध्ये सोवळं?”

“आजपासून.” मग म्हणाले, “सर, एक विचारू? ते बोट माझ्यासाठी होतं का?”

 मी रेघेच्या बाहेर भिंतीला टेकून बसलो आणि त्यांना मालतीबाईंचं सगळं सांगितलं. मोबाईल, धप्प आवाज, सुनेचा फोन. इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही.  माझं संपल्यावर महाराजांनी एवढंच विचारलं, “मग त्या आता कशा आहेत?”

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. सुनेने येऊ नका म्हटलं, ते मी निमूटपणे ऐकलं होतं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्या रविवारी मी अकोल्याची बस धरली. दार सुनेने उघडलं. ओळखलं, बाजूला झाली. मालतीबाई खिडकीशी खुर्चीत होत्या. वाळल्या होत्या. चष्मा मात्र तोच आणि बघणंही तेच. बोलायचं म्हणून बसमध्ये जुळवलेलं सगळं मी विसरलो. म्हटलं, “बाई, चुकलं माझं. फार उशिरा आलो. परत सुरू करायचं का?”

 बाईंनी हात पुढे केला, तळवा वर करून.

“आधी मोबाईल द्या इकडे.”

मी दिला. त्यांनी तो बंद केला, खुर्चीवर आपल्या मांडीखाली दाबून ठेवला आणि म्हणाल्या, “हं. आता मोजा. नीट मोजा.”